वाकवून बघणं

राजारामपुरी, सातवी गल्ली, पहिला मजला.
दुपारी दोन ते अडीच कुणी सॅम्पल आणत नाही,
तेव्हा मी घरचं काम उरकते.
स्लाइडवर बाबांचं रक्त आहे.
नळीवर नाव घातलं नाही, नुसता नंबर,
तरी ओळखलं असतं :
जिथं नजर न्यावी तिथं दोन-तीन पेशी तुटक्या,
एक कड उडालेली,
घाईत कापलेल्या नखासारख्या.

तीन वर्षं झाली झडप बसवून.
कार्बनची, दोन पाकळ्यांची.
सुभाषनगरच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलंय कधीचं,
टिकटिक चालू आहे.
आई पडल्या पडल्या वेणीच्या वाद्या सोडवते आणि म्हणते,
आता ह्यानंच झोप लागते गं.

तांबड्या पेशीला एकशेवीस दिवस मिळतात.
मिनिटाला साधारण एक फेरी.
रिपोर्टच्या पाठीमागं मी गुणाकार केला :
पावणेदोन लाख वेळा, जवळजवळ,
त्याच झडपेच्या त्याच कडेवरून
ओढलं जायचं, पिळलं जायचं, सुटायचं.
तिच्या पोटात केंद्रक नाही,
म्हणजे डागडुजीचं सामान नाही.
घेऊन आली तेवढ्या कातड्यावर निभवायचं.

फाटतात त्या मला मोजता येतात.
न फाटलेल्यांचं काय?
गोल, गुलाबी, मध्ये खळगा, पुस्तकातल्यासारख्या.
फक्त आता वाकत नाहीत.
भिंगाखाली हे कळत नाही.
कळतं ते प्लीहेत.

चप्पल लाईनीत जुनं गिऱ्हाईक
भाव विचारायच्या आधी काय करतं?
टाच आणि अंगठा धरतं
आणि तळ दुमडून बघतं.
दुमडला तर ठीक.
कुरकुरला, ताठ राहिला,
तर चप्पल परत फळीवर.
प्लीहेतल्या फटी अशाच, पेशीहून कितीतरी अरुंद.
दुमडून निघालीस तर जा पुढं.
नाहीतर इथंच.

रविवारी बाबांना हे सांगितलं.
पाटावर ओलं कातडं होतं, हातात हातोडा.
रापीला आता हात लावू देत नाही आम्ही,
रक्त पातळ करायची गोळी चालू आहे,
म्हणून नुसतं ठोकायचं काम त्यांच्याकडं.
ठोकता ठोकता म्हणाले,
"उलटं सांगतीस.
ठोकलं की कातडं मऊ हुतंय.
चाळीस वर्सं ठोकतोय मी."

मी म्हटलं, बाबा, ते मेलेलं असतं.
म्हटल्यावर जीभ चावली.
ते हसले. दात नसलेल्या बाजूनं.
"मेलेलं न्हवं, कमावलेलं.
बाभळीची साल खाल्लेलं, हिरडा खाल्लेलं.
आणि ठोकलं की दगडाखाली ठेवतोय का न्हाई?
रातभर.
मग सकाळी पुन्यांदा.
सारखं ठोकशील तर तेबी तडकतंय.
तुज्या त्या पेशीला रात कुठं हाय?"

मला उत्तर आलं नाही.
पुस्तकात आहे तसं काहीतरी :
थोडा ताण बसला आणि मग सोडलं
तर पेशी बऱ्याचदा सावरते,
आकार आठवतो तिला.
सारखा बसला तर आठवण कमी कमी होत जाते.
पण ते मी बोलले नाही,
कारण त्यांनी कातडं उचललं होतं,
दोन बोटांत धरून दुमडलं होतं,
कानाशी नेलं होतं.

मी ऐकत होते दुसरंच काही.

अडीच वाजले. जिन्यावर पावलं.
एलडीएच वाढलेलं, हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन.
शेरा लिहायच्या रकान्यात
पेशी तुटक्या आहेत, डॉक्टरांना दाखवावे, असं लिहिलं.
ज्या तुटल्या नाहीत त्यांच्यासाठी
त्या फॉर्मवर जागा नाही.
पायात बाबांनीच केलेली जोडी, नवी.
आठ दिवस चावंल, म्हणाले होते.
आज अकरावा आहे.